चांदणी नातवंडालाच करू द्या

डिसेंबर उजाडला की बालवाडीतून आणि छोट्या गटाच्या वर्गांतून घरी निरोप येऊ लागतात. नाताळानिमित्त वर्गात उपक्रम आहेत. मुलाबरोबर कागदाची चांदणी पाठवा, थोडा कापूस पाठवा, एखादी घंटा पाठवा, अमुक दिवशी लाल कपडे घालून पाठवा. आष्टीसारख्या तालुक्यात हा निरोप पुष्कळदा आजी-आजोबांच्या हाती पडतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि गळीत हंगाम आटोपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. काही मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात, काही घरी वडीलधाऱ्यांपाशी राहतात. अशी तीन-चार वर्षांची नातवंडे ज्यांच्या पदरी आहेत, त्या वाचकांसाठी हा लेख आहे. आईवडील नोकरीसाठी दिवसभर बाहेर असतात, त्या घरांतही तो उपयोगी पडावा.

हा सण आपल्याला परका नाही. आष्टीला लागून असलेल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून सुरू झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे दीर्घ वास्तव्य तेथलेच. तिकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला करंज्या आणि लाडू होतात, दारावर कागदाची चांदणी झुलते. २०२२ पासून आष्टीहून नगरला रेल्वेही जाते. ‘हा सण कुणाचा?’ असे मुलाने विचारले, तर ‘आपल्या शेजाऱ्यांचा’ एवढे उत्तर त्या वयाला पुरेसे असते.

निरोप आल्यावर आपल्यापुढे दोन सोपे मार्ग असतात. एक, बाजारातून तयार चांदणी आणणे. दुसरा, मूल झोपल्यावर आपणच ती सुबक कापून ठेवणे. हे दोन्ही मार्ग टाळावेत, अशी विनंती आहे. वर्गात टांगलेली चांदणी आठ दिवसांत फाटते; ती करताना मुलाच्या हाताला जे वळण लागते, ते मात्र टिकते. कागद फाडणे, चिमटीने तुकडा उचलणे, बोटाने खळ लावणे, तुकडा हव्या त्या जागी दाबणे, या प्रत्येक कृतीत अंगठा आणि शेजारची दोन बोटे एकत्र काम करतात. पुढे पेन्सिल याच पकडीने धरायची असते. एका हाताने कागद धरून दुसऱ्याने फाडताना दोन्ही हातांचा मेळ बसतो. वाकडी चिकटलेली चांदणी पाहून शिक्षिकेला मुलाचा हात किती तयार झाला आहे हे कळते. सुबक चांदणीवरून ते कळत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम उभे केले. महागडी साधने दूर ठेवून त्यांनी भोवतालच्या वस्तूंतून मुलांना शिकवले. मुलांच्या अंगणात जाऊन भरवायची ‘अंगणवाडी’ त्यांच्याच कामातून रुजली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी गावोगावी पोहोचवली. नाताळाच्या उपक्रमांनाही त्यांची ही रीत चालते. घरातील पुढील गोष्टी आपण सहज वापरू शकाल.

चांदणीसाठी जुनी लग्नपत्रिका घ्यावी. आपण पाच टोकांची आकृती काढावी आणि मुलाने रंगीत कागदाचे तुकडे फाडून तिच्यात चिकटवावेत. चिकटवायला मैद्याची खळ करावी. तोंडात गेली तरी चिंता नसते. टोके बोट ठेवून मोजावीत. नाताळाच्या झाडासाठी कडब्याच्या काड्या सोलून, धारदार कडा काढून, सात-आठ लांबींच्या कराव्यात. सर्वांत लांब काडी खाली आणि आखूड वर, अशा त्या मुलाने मांडल्या की झाडाचा आकार उभा राहतो आणि लहान-मोठेपणाचा क्रमही उमजतो. बैलाच्या गळ्यातील घुंगरू डोळे मिटलेल्या मुलाच्या कधी उजवीकडे, कधी डावीकडे, कधी लांबून वाजवावे. आवाज कुठून आला ते त्याने सांगावे. मातीची गव्हाण करावी. गव्हाण, दावण, वासरू, वैरण हे शब्द आपल्या ओठांवर आहेत. ते नातवंडापर्यंत पोहोचवण्याची ही उत्तम संधी आहे.

या कामाचा आपल्या हातांनाही लाभ होतो. वयोमानाने बोटे आखडतात, चिमूट सैल पडते. माती मळणे, घड्या घालणे, कागद फाडणे हा सांध्यांना सोसणारा व्यायाम आहे. सकाळी बोटे ताठ असतील तर आधी पाच मिनिटे कोमट पाण्यात हात बुडवावेत. गुडघे दुखत असतील तर जमिनीवर बसण्याचा आग्रह नको. खुर्चीसमोर पाट किंवा स्टूल ठेवावे आणि मुलाला शेजारी उभे करावे. उजेड भरपूर असावा, चष्मा लावावा. पंधरा-वीस मिनिटे पुष्कळ झाली. बोटांना सूज असेल किंवा काम थांबवल्यावरही वेदना राहत असेल, तर त्या दिवशी फक्त जवळ बसून बोलावे.

आता काही धोके. मणी, थर्माकोलचे गोळे, अख्खे शेंगदाणे आणि चिंचोके लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती ते देऊ नयेत. शोभेसाठी लाल-काळी गुंज वापरू नये, ती विषारी आहे. धोत्र्याची फळेही दूर ठेवावीत. लुकलुकणाऱ्या टोप्या, वाजणारी शुभेच्छापत्रे यांत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती मुलाने गिळली तर अन्ननलिका दोन तासांच्या आतही भाजू शकते. अशा वेळी उलटी करवू नये; मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि बॅटरीचा संशय आहे हे प्रथम सांगावे. कापसाची दाढी नाकातोंडाशी नको. पेटती मेणबत्ती तर त्या कापसाजवळ मुळीच नको. वर्गात आलेल्या सांताक्लॉजला पाहून काही मुले रडतात. त्यांना त्याच्या मांडीवर बळेच बसवू नये. आणि आपल्याला मधुमेह असेल, तर नातवंडाने प्रेमाने पुढे केलेल्या केकचा एक लहान घास घेऊन बाकीचा त्यालाच भरवावा.

डिसेंबरमध्ये बालवाडीत दिवस मोजण्याचाही खेळ घेतात. एका कागदावर १ ते २५ असे चौकोन आखून रोज एकात चांदणी रंगवतात. काल, आज आणि उद्या हे शब्द मुलाला यातून समजतात. हा तक्ता घरीही भिंतीवर लावावा. मुलाने चांदणी रंगवली की आपण रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी घ्यावी आणि त्याच चौकोनात खूण करावी. गोळी घेतली की राहिली, हा घोळ मिटतो. गोळ्यांची पाकिटे मात्र मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत आणि त्यांना गमतीनेही ‘गोड गोळी’ म्हणू नये.

हा तक्ता भिंतीवर लागला की एक प्रश्न येऊ शकतो, आणि तो सर्वांत अवघड असतो. ‘चांदण्या संपल्या की आई येणार?’ सांताक्लॉज हवे ते आणून देतो, असे मुलाने वर्गात ऐकलेले असते. त्या क्षणी आपले मन कळवळते आणि ‘हो, येईल’ असे तोंडून निघू पाहते. कृपा करून तसे म्हणू नये. पंचविसाव्या दिवशी आई आली नाही, तर मुलाचा सांताक्लॉजपेक्षा आपल्यावरचा विश्वास डळमळतो आणि त्याला सध्या आपलाच आधार आहे. त्याला दिसेल अशा खुणांनी खरे सांगावे: ‘रानातली ज्वारी काढून होईल, होळी पेटेल, मग आई येण्याचे दिवस जवळ येतील.’ रडू आले तर रडू द्यावे, जवळ घ्यावे. दोन चांदण्या कराव्यात. एक शाळेत पाठवावी, दुसरी आईसाठी जपून ठेवावी आणि फोनवर तिला दाखवावी. आपण आईला विसरत नाही आहोत, एवढी खात्री मुलाला त्यातून मिळते.

मूल पुन्हा अंथरुणात लघवी करू लागले, जेवण कमी झाले, खेळेनासे झाले आणि हे दोन-तीन आठवडे चालले, तर अंगणवाडीच्या ताईंशी बोलावे आणि डॉक्टरांना दाखवावे. आपल्यालाही झोप लागेनाशी झाली किंवा सारखे रडू येऊ लागले, तर ते वयावर ढकलू नये. या वयात लहान मूल सांभाळणे हे कष्टाचे काम आहे. दुपारचा एखादा तास शेजारणीकडे मूल सोपवून पडून राहण्यात संकोच कसला?

मातीच्या गव्हाणीत मूल चिंधीचे बाळ ठेवील, तेव्हा त्याला ती गोष्ट साध्या शब्दांत सांगावी. एक आई घरापासून दूर होती. उतरायला जागा मिळाली नाही. तिचे बाळ गोठ्यात जन्मले आणि तिने त्याला गव्हाणीत निजवले. फडावरच्या कोपीत ज्यांची बाळंतपणे झाली, अशा आजींना ही गोष्ट पुस्तकातून वाचावी लागणार नाही. नातवंड विचारील, ‘मग बाळाला थंडी वाजली नाही?’ त्याला सांगावे, की वैरणीची ऊब होती आणि आई जवळच होती. मग त्याची आई दूर असली तरी त्याला ऊब देणारे कोण आहे, हे त्याला कुशीत घेऊन दाखवावे.