बदकाचा तळवा कोण बघतो?

परसात पाळलेल्या बदकाच्या तळव्याला जे गळू होते, ते माणूस करतो. विधान कठोर आहे, पण मी ते विचार करून लिहितो आहे. साथीच्या रोगात नशिबाकडे बोट दाखवता येते. इथे बदक कशावर उभे राहते, काय खाते, कुठे झोपते, त्याच्या पायाशी किती घाण साचते, हे सगळे ज्याच्या हातात आहे त्याच्याच हातून ही जखम घडते.

बदकाचे पाऊल चिखल, गवत आणि पाणी यांसाठी घडलेले आहे. मोकळे बदक दिवसाचा मोठा वेळ पाण्यावर काढते. तेवढा वेळ अंगाचा भार पाणी उचलते आणि तळव्यांना विसावा मिळतो. आपण त्याला कोब्यावर, शहाबादी फरशीवर, खडीच्या ढिगाऱ्यावर आणून सोडतो. मग रात्रंदिवस सगळे ओझे त्या दोन पातळ तळव्यांवर. कातडी आधी लालसर, गुळगुळीत होते. नंतर घट्टा पडतो, घट्ट्याला चीर जाते आणि त्या चिरेतून स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जिवाणू आत शिरतात. हे जिवाणू काही दूरचे नव्हेत, माणसाच्या नाकात आणि कातडीवरही त्यांचा मुक्काम असतो. धड कातडीला ते सहसा काही करू शकत नाहीत. त्यांना वाट लागते, आणि ती वाट आपण करून देतो. पशुवैद्य या दुखण्याला बंबलफूट म्हणतात. कोंबड्यांनाही ते होते, पण बदक अंगाने जड आणि पायाने नाजूक, त्यामुळे त्याचे हाल अधिक.

आता कबनूरकडे बघा. हातकणंगले तालुक्यातले, इचलकरंजीला खेटून असलेले हे गाव. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे त्या खडखडाटाने आजूबाजूच्या गावांनाही कवेत घेतले. त्या उद्योगाने घराघरात भाकरी आणली, हे मी नाकारत नाही. पण जागा आटली. पुढे माग, मध्ये घर आणि मागे हातभर परसू, त्यातही मोरी, गटार, भंगार आणि खुराडे. मातीचे अंगण म्हणजे मागासलेपण अशी समजूत झाल्यामुळे पैसे हातात आले की पहिला कोबा तिथेच पडतो. कोंबड्यांच्या जोडीला हौसेने आणलेली दोन-चार बदके त्या कोब्यावर आयुष्य काढतात. मोरीचे साबणाचे पाणी तिथेच वाहते, विष्ठा तिथेच भिजते आणि रात्री त्याच ओलीत ती बसतात.

या पट्ट्यात आणखी एक शत्रू आहे, सूत. मागाखालून झाडून काढलेला कचरा, तुटलेले धागे, गाठी परसात आणि गटाराच्या कडेला येऊन पडतात. बदक चालताना तो धागा बोटात अडकतो, चालता चालता आवळतो आणि पायाचा रक्तपुरवठाच तोडतो. अशा एका बदकाचा पाय मी हातात घेऊन पाहिला आहे. वरून फक्त सूज दिसत होती. पाय पाण्याने धुतल्यावर मधल्या बोटाच्या मुळाशी कातडीत रुतलेला पांढरा धागा दिसला, आणि तळव्याच्या मधोमध हरभऱ्याएवढी काळी खपली. खपलीभोवतीची जागा हाताला गरम लागत होती. बदक ओरडले नाही. पाय आखडून घेत राहिले, एवढेच. घरच्या मावशींनी धागा कात्रीने अलगद कापला तेव्हा त्यांचेच डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, “चार दिस लंगडत हुतं, पर कुणाला सांगणार? घरात म्हणत्यात, कापा न्हाईतर सोडून द्या.”

‘कापा नाहीतर सोडून द्या.’ आपल्या समाजाचे सगळे नीतिशास्त्र या चार शब्दांत आहे. अंड्याचे पैसे येतात तेव्हा ते घराचे असतात. बदक आजारी पडले की ते बाईचे होते. तिला ते पाजायचे, धुवायचे, सांभाळायचे, पण त्याच्या औषधावर पन्नास रुपये खर्च करायची मुभा तिला नाही. एखादी धीट बाई पिशवीत बदक घालून जनावरांच्या दवाखान्यात गेलीच, तर रांगेत म्हशी-शेळ्या घेऊन उभे असलेले पुरुष म्हणतात, “अवं वैनी, बदकाला कुठं डाक्टर अस्तोय व्हय? कापून खावा की!” लोक हसतात आणि ती खाली मान घालून परत येते. ज्या समाजात मुक्या जीवाच्या वेदनेचा भाव त्याच्या मटणाच्या भावाने ठरतो आणि ती वेदना जाणणाऱ्या बाईची टर उडवली जाते, त्या समाजाने स्वतःला दयाळू म्हणवून घेऊ नये.

आणि आपण म्हणवून घेतो. बेंदराला बैलाची शिंगे रंगवतो, त्याला पोळी भरवतो. अमावास्येला गाईला घास देतो. देवळापुढे कबुतरांना ज्वारी टाकतो. या परिसरात अहिंसेला परमधर्म मानणाऱ्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, वारीला जाणाऱ्यांची आहेत, दर्ग्यावर चादर चढवणाऱ्यांची आहेत. दिल्लीत चांदणी चौकातल्या लाल मंदिराच्या आवारात जैन समाजाने केवळ पक्ष्यांसाठी इस्पितळ चालवले आहे आणि जखमी पक्षी तिथे बरे होऊन उडून जातात. करुणेची परंपरा आपल्याकडे नाही असे नाही. ती आपण सणाच्या दिवसापुरती आणि मान असलेल्या जनावरापुरती ठेवली. बदकाला सण नाही, म्हणून त्याचा पाय कुणी उचलून बघत नाही.

गाडगेबाबा हातात झाडू घेऊन गावोगाव फिरले आणि त्याच फिरतीत जत्रेतल्या पशुबळीवर कोरडे ओढत गेले. गाव झाडणे आणि मुक्या जनावराच्या मानेवरची सुरी काढणे, ही दोन्ही कामे त्यांच्या लेखी एकच होती. बदकाच्या तळव्याकडे पाहिले की ते पटते. इथे घाण हेच क्रौर्य आहे. शस्त्र उचलावे लागत नाही. खुराडे आठवडाभर झाडले नाही की पुरे.

बरे, जखम झाली की आपण करतो काय? दाभणाने फोडतो. ब्लेडने चिरतो. राख दाबतो, चुना भरतो, कुणी रॉकेल ओततो. यातले प्रत्येक कृत्य छळ आहे आणि निरुपयोगीही आहे. माणसाच्या गळवात पू पातळ असतो, तो वाहून जातो. पक्ष्याचा पू तसा नसतो. त्याचा घट्ट, कोरडा, पिवळसर गोळा बनतो आणि तो आत मूळ धरून बसतो. टोचून तो बाहेर येत नाही, उलट गंजक्या दाभणाबरोबर नवी घाण खोल जाते. मग दुखणे सांध्यात उतरते, हाडात जाते. एका पायाने लंगडणारे बदक सगळा भार दुसऱ्या पायावर घेते आणि थोड्याच दिवसांत तोही पाय बसतो. शेवटी विष रक्तात भिनते आणि बदक मरते. तेव्हा घरातले म्हणतात, आपोआप मेले.

त्याहून मोठा अपराध मेडिकलच्या दुकानातून होतो. माणसाची अँटिबायोटिकची गोळी अर्धी करून बदकाच्या घशात कोंबायची, दोन दिवसांनी बरे दिसले की थांबवायचे आणि त्याच दिवसांतली अंडी शेजारी विकायची! अर्धवट मात्रेने जिवाणू मरत नाहीत, निगरगट्ट होतात. उद्या तेच जिवाणू त्या घरातल्या पोराच्या जखमेत शिरले तर औषध लागू पडणार नाही. औषध चालू असताना आणि ते बंद केल्यावर पशुवैद्य सांगतील तितके दिवस अंडी खायची नसतात, विकायची तर नाहीतच. दुखण्यावरच्या माणसाच्या गोळ्याही पक्ष्याला देऊ नयेत. डायक्लोफेनॅकने या देशातली गिधाडे जवळजवळ संपवली आणि 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद करावे लागले. हा धडा इतका जुना झाला, तरी तीच गोळी अजून परसात फिरते आहे.

खरा उपाय साधा आहे, म्हणूनच तो न करणाऱ्याला माफी नाही. तळवा नुसता लाल आणि गुळगुळीत दिसत असेल तर बहुतेक वेळा जमीन बदलली की काम भागते. कोब्यावर भाताचा तूस किंवा लाकडाचा कोरडा भुसा चांगला जाड पसरायचा आणि ओला झालेला रोज काढून टाकायचा. आपल्याकडे उसाचे पाचट मुबलक, पण त्याच्या पानाची कड धारदार असते. ते बदकाखाली घालू नये. ओल मारायला टाकलेल्या चुन्यावर बदके सोडू नयेत, ओला चुना तळवे भाजतो. खपली धरली असेल तर पाय कोमट मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावा, स्वच्छ कपड्याने टिपावा, पोव्हिडोन आयोडीन पातळ करून लावावे, वर गॉझची घडी ठेवून बोटे मोकळी राहतील अशी पट्टी बांधावी आणि ती रोज बदलावी. हातात मोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत. पट्टी असेपर्यंत बदकाला कोरड्या जागी वेगळे ठेवावे, पण पिण्याचे पाणी तोडू नये. सूज गरम असेल, खपली खोल असेल, बदक पाय टेकत नसेल, तर तिथे घरचा हात थांबला पाहिजे. आतला गोळा काढणे ही शस्त्रक्रिया आहे. ती भूल देऊन पशुवैद्यानेच करायची.

जखम होऊच नये म्हणून करायचे ते याहूनही कमी खर्चाचे आहे. बदकाला डोके बुडवता येईल एवढे खोल घमेले किंवा टब हवा आणि त्याचे पाणी रोज बदलले पाहिजे. टबाभोवती वाळू घातली की चिखल होत नाही. बदकाला पायाला धरून उचलू नये. दोन्ही हातांनी अंग धरून, खालून आधार देऊन उचलावे. रात्रीच्या जागेला उंच पायरी असेल तर फळी तिरकी लावावी, कारण उडी मारली की भार तळव्यावरच आपटतो. पायाला सुतळी बांधून ठेवण्याची पद्धत आजच बंद केली पाहिजे. उरलेला भात, शिळी भाकरी, फरसाण एवढ्यावर वाढलेले बदक जड होते आणि आतून उपाशी राहते. अ जीवनसत्त्व कमी पडले की कातडी कमकुवत होते, म्हणून पालक, मेथी, किसलेले गाजर रोज द्यावे. बुरशी आलेला मका बदकाला विषच, त्या बाबतीत ते कोंबडीपेक्षाही नाजूक. आणि मागाखालचा कचरा पोत्यात भरून तोंड बांधावे. या एका सवयीने गावातल्या किती पायांचा फास सुटेल!

हे कुणी शिकवत नाही, असेही म्हणवत नाही. कोल्हापुरात शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, गावोगाव पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. 2019 च्या पशुगणनेत देशातले परसातले कुक्कुट 31.7 कोटी भरले, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे 46 टक्के जास्त. एवढे जीव आपण घराघरात वाढवतो. ग्रामसभेत रस्ते, गटारी, दिवे यांवर तासन्‌तास भांडणे होतात. त्याच ग्रामसभेत पशुवैद्याला बोलावून बायकांसमोर एका बदकाचा पाय कसा धुवावा, कसा बांधावा हे दाखवायला अर्धा तास लागेल. बचत गटाच्या बैठकीत तर त्याहून सोपे.

कायद्याकडे बघून मात्र मान खाली जाते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या सुखाची काळजी घ्यावी आणि त्याला विनाकारण वेदना होऊ देऊ नयेत, असे त्याचे तिसरे कलम सांगते. बाजारातून कोंबड्या-बदके पायाला बांधून, सायकलच्या हँडलला उलटी लोंबकळत नेणे हा त्याच कायद्याने गुन्हा आहे. आणि दंड? पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी 10 रुपये, जास्तीत जास्त 50. हा आकडा कायद्यात लिहिलेला आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांनाही वेदना, इजा आणि रोग यांपासून मुक्त राहण्याचा हक्क आहे असे स्पष्ट सांगितले. तो निकाल बैलांच्या निमित्ताने लागला आणि आपल्या भागात चर्चा झाली ती शर्यतीची. हक्काची झाली नाही. दंडाचा आकडा पन्नासवर राहिला, कारण तो वाढावा असे आपल्यापैकी फारशा कुणाला वाटले नाही.

कबनूरच्या आणि कबनूरसारख्या प्रत्येक गावातल्या घरधन्याला माझे सांगणे आहे. बदके पाळणे सक्तीचे नाही. त्यांना कोरडी जमीन, स्वच्छ पाणी आणि आजारात औषध देणे जमत नसेल तर आणू नका. आणली असतील तर आज संध्याकाळी ती कोंडण्यापूर्वी एकेकाला उचलून दोन्ही तळवे उजेडात बघा. काळी खपली, सूज किंवा आवळलेला धागा दिसला तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, किंवा 1962 या फुकट क्रमांकावर फोन करा. आणि घरातली बाई बदक घेऊन निघाली, तर तिला हसू नका. तिच्याबरोबर जा.