देणगी सोसायटीला, भुर्दंड सभासदाला



केबल-इंटरनेटच्या ठेक्यांवरून सोसायट्यांत चाललेल्या भांडणांची बातमी वाचली. कोणत्या कंपनीला ठेका मिळाला यावरच सगळे भांडतात. प्रस्ताव कोणत्या निकषावर तोलले, हे कोणी विचारत नाही. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत तीन कंपन्यांचे प्रस्ताव मांडले गेले. तुलनेच्या तक्त्यात पहिलाच रकाना ‘सोसायटीस मिळणारी रक्कम’ असा होता. सभासदाला दरमहा किती बिल येणार, याचा रकानाच नव्हता! सर्वांत जास्त देणगी देणाऱ्या कंपनीला पाच वर्षांची मक्तेदारी देण्याचा ठराव चर्चेविना संमत झाला.

साधा हिशेब करा. समजा, सोसायटीत २४० सदनिका आहेत आणि कंपनीने चार लाख रुपये दिले. दुसरा पर्याय नसल्यामुळे प्रत्येक घराचे बिल महिन्याला फक्त दीडशे रुपयांनी जास्त आले, तरी पाच वर्षांत सभासदांच्या खिशातून २१ लाख ६० हजार रुपये जातात. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळाच. म्हणजे चार लाख घ्यायचे आणि एकवीस लाख द्यायचे. कंपनी ही देणगी पदरची देत नाही, आपल्याच बिलातून वसूल करते. केबलच्या नेटवर्क क्षमता शुल्काला पूर्वी दोनशे वाहिन्यांपर्यंत १३० रुपयांची मर्यादा तरी होती. स्पर्धा दर आटोक्यात ठेवील या भरवशावर दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ती जुलै २०२४ मध्ये काढली. आणि आमची समिती ती स्पर्धाच फाटकाबाहेर अडवते आहे.

मोठी बोली म्हणजे चांगली बोली, हा समज देशाला एकदा महागात पडला आहे. १९९५ साली स्थिर दूरध्वनीच्या परवान्यांसाठी हिमाचल फ्युचरिस्टिकच्या समूहाने नऊ परिमंडळांत मिळून सुमारे ८५ हजार कोटींची बोली लावली होती. एका कंपनीला तीनच परिमंडळे, ही मर्यादा सरकारला नंतर घालावी लागली. परवाना शुल्काच्या ओझ्याखाली कंपन्या दबल्या आणि १९९९ च्या धोरणाने ठरीव शुल्काऐवजी महसुलातला वाटा घेणे सुरू केले. या सगळ्यात सामान्य माणूस फोनची वाट पाहत राहिला.

सेवेच्या दर्जाबद्दल तर सभेत अवाक्षर निघाले नाही. प्रस्तावात ‘शंभर एमबीपीएसपर्यंत’ वेग लिहिलेला असतो. सरकारी व्याख्येनुसार मात्र किमान दोन एमबीपीएस मिळाले तरी ते ब्रॉडबँडच. रात्री सगळी घरे एकाच वेळी नेट वापरतात, तेव्हा वेग किती? फायबर घरापर्यंत येणार की जिन्यातल्या पेटीपर्यंतच? वीज गेली तर त्या पेटीला बॅकअप कोण देणार? करार संपल्यावर डक्टमधली केबल कोणाची? यातला एकही प्रश्न विचारला गेला नाही.

केबलवरून आठवले. बंद पडलेल्या केबलची भेंडोळी झाडांवर, विजेच्या खांबांवर वर्षानुवर्षे लोंबकळत आहेत. नवा ठेकेदार जुन्याची केबल काढत नाही आणि जुना परत फिरकत नाही. दुचाकीस्वाराच्या गळ्याशी ती आली की जबाबदार कोण? केबल काढून नेण्याची अट आणि त्यासाठी अनामत करारात असलीच पाहिजे.

पुनर्विकासासाठी विकासक निवडताना सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खालील निर्देशांनुसार निविदा, तुलनात्मक तक्ता, निबंधकांचा प्रतिनिधी हे सारे पाळावे लागते. घराघरातून दरमहा पैसे नेणाऱ्या या करारांनाही सहकार खात्याने नियम लावावेत: सर्व प्रस्ताव सभेआधी सभासदांच्या हाती पडावेत आणि मक्तेदारीच्या अटीला बंदी असावी. नियम होतील तेव्हा होतील. तोवर सभासदांनी हात वर करण्यापूर्वी आपल्या घराचे पाच वर्षांचे एकूण बिल लेखी मागावे आणि ते मिळेपर्यंत ठराव संमत होऊ देऊ नये.

– एक सदनिकाधारक, पुणे