नव्या याटवर ४० टक्के जीएसटी. मग सेकंडहँड शिडाची बोट परवडते का?

वर्धा जिल्ह्यात मोठं पाणी म्हटलं की बोरधरण, धाम किंवा निम्न वर्धा प्रकल्प आठवतो. मुंबईचा समुद्र इथून सुमारे साडेसातशे किलोमीटरवर. पण बोटीवरच संसार थाटून देशोदेशी फिरणाऱ्या जोडप्यांच्या रील्स सेलू, आर्वी, हिंगणघाटच्या मोबाईलवरही तितक्याच येतात. त्यात ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला आणि मुंबई जवळ आल्यासारखी वाटू लागली. मग डोक्यात येतं, एखादी लहान, वेगवान, जुनी शिडाची याट घ्यावी आणि सुट्टीत मुंबई ते गोवा किनारा करावा. जमेल का?

आधी कराचं बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून हौशी आणि क्रीडा वापराच्या याटवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. याच फेरबदलात चार मीटरपेक्षा लहान, ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या गाड्या आणि ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकली १८ टक्क्यांवर आल्या. म्हणजे गाडी लहान की मोठी हे सरकारने पाहिलं, बोटीचं मात्र पाहिलं नाही. अब्जाधीशाची शंभर फुटी याट आणि दोघांना जेमतेम झोपता येईल अशी २४ फुटी शिडाची बोट, दोन्ही एकाच रांगेत. हा हिशेब काही पटत नाही.

म्हणून जुन्या बोटीकडे लक्ष जातं. जीएसटी नोंदणी नसलेल्या खासगी मालकाकडून बोट घेतली तर व्यवहारावर जीएसटी लागत नाही. परदेशात जुन्या बोटी स्वस्त दिसतात, पण वापरलेल्या वस्तूंची आयात आपल्याकडे सहसा परवान्याशिवाय होत नाही आणि वर सीमाशुल्क भरावं लागतं. त्यामुळे निवड होते ती मुंबई, गोवा, कोची, चेन्नई इथे आधीच असलेल्या मोजक्या बोटींमधून.

आता मुद्दा वेगाचा. पाणी कापत चालणाऱ्या बोटीचा वेग तिच्या पाण्यालगतच्या लांबीवर ठरतो. त्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणलं की साधारण कमाल वेग नॉटमध्ये मिळतो. दोन जुन्या, नावाजलेल्या बोटी घेऊ. 'जे-२४' ही १९७० च्या दशकातली अमेरिकन रेसिंग बोट. पाण्यालगतची लांबी २० फूट, म्हणजे सुमारे ६ नॉट. त्याच दशकातली ब्रिटिश 'कॉन्टेसा ३२'. पाण्यालगत २४ फूट, म्हणजे साडेसहा नॉट. ताशी ११ आणि १२ किलोमीटर! सायकलवाला पुढे निघून जाईल. जोराच्या वाऱ्यात हलकी जे-२४ लाटेवरून घसरत याहून वेगात पळते.

पण फिरायला निघालेली बोट रिकामी नसते. दोन माणसांचं आठवड्याचं पाणी, शिधा, गॅस, नांगर-साखळी, बॅटरी मिळून ३०० किलो सहज होतात. जे-२४ चं स्वतःचं वजन जेमतेम १,४०० किलो, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून जास्त भार वाढला. वेगासाठी घेतलेली बोट तिथेच जड होते. शिवाय आत ताठ उभंही राहता येत नाही. कॉन्टेसा चार टनांहून जड, तिला तेवढ्या सामानाचा फारसा फरक पडत नाही. मुंबई-गोवा हे अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. सरासरी ५ नॉट मिळाले तरी ४५ तास, म्हणजे एक-दोन रात्री समुद्रात. रेसमधला अर्धा नॉट तिथे गौण ठरतो. झोप मिळते का, हे जास्त महत्त्वाचं.

कोकणात आणखी एक अडचण आहे. अनेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत. जे-२४ ला सव्वा मीटर पाणी पुरतं, कॉन्टेसाला दीड मीटरहून जास्त लागतं. ओहोटीत हा फरक म्हणजे रात्र खाडीत सुरक्षित काढायची की बाहेर लाटांत, एवढा मोठा असतो.

आणि पावसाळा? जून ते सप्टेंबर बोट पाण्याबाहेर काढून ठेवावी लागते. क्रेन, जागा, राखणदार, सगळ्याचे पैसे. कोचीत बोळगट्टीला मरीना आहे, मुंबईत मात्र बहुतेक बोटी उघड्या बंदरात दोरावर उभ्या असतात. वर्ध्यात बसून साडेसातशे किलोमीटरवरच्या बोटीचा दोर कोण तपासणार, हे ठरल्याशिवाय किमतीची बोलणी करण्यात अर्थ नाही.

पाहणीला जाताना स्वतंत्र सर्व्हेअर सोबत हवाच, विक्रेत्याने सुचवलेला नको. डेक आणि बुडावर हलक्या हातोडीने ठोकत जायचं. आवाज टणक यायला हवा. बोदा आला तर आत पाणी मुरलेलं असू शकतं. जे-२४ सारख्या बोटींत फायबरच्या दोन थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड असतं, ते कुजलं की दुरुस्ती बोटीच्या किमतीवर जाते. बुडाखालच्या वजनदार कीलचे बोल्ट गंजलेत का, डोलकाठीच्या तारा किती वर्षांच्या आहेत, शिडं कापडासारखी मऊ पडलीत का, हेही पाहायचं. मोहक रंगकाम सगळ्यात शेवटी. कागदांत नोंदणी, विमा आणि मालकीची साखळी तपासायची. इंजिन असेल तर त्याचे नियम वेगळे, आणि व्यापारी नौकानयनाचा नवा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्येच मंजूर केलाय. त्यामुळे टोकन देण्याआधी मेरीटाईम बोर्डाकडे विचारणा करावी.

बोट घेऊन वर्ध्याला आणायचा विचार असेल तर जे-२४ ची रुंदी २.७१ मीटर आहे आणि रस्त्यावरच्या वाहनाची मर्यादा साधारण २.६ मीटर. म्हणजे विशेष परवानगी आली. आणि आणून सोडायची कुठे? बोरधरण व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे.

शिकायला मात्र समुद्र लागत नाही. हैदराबादच्या हुसेनसागरावर आणि भोपाळच्या मोठ्या तलावात शिडाच्या बोटी चालवायला शिकवतात, आणि दोन्ही शहरं वर्ध्याला मुंबईपेक्षा जवळ आहेत. २००९-१० मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांची बोट गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधली गेली, तेव्हा त्या कामावर ते स्वतः लक्ष ठेवून होते. जुनी बोट घेणाऱ्याला बांधणी पाहण्याची ती संधी नसते. त्याच्या हातात असतो तो फक्त सर्व्हेअरचा अहवाल, आणि दुसऱ्याच्या बोटीवर क्रू म्हणून काढलेला एखादा हंगाम.