माहुलीला याल, तेव्हा थोरल्या शाहू महाराजांकडेही या

समस्त सातारकर बंधू-भगिनींनो, आणि पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला किंवा परदेशात गेलेल्या सातारकरांनो,

साताऱ्यातल्या प्रत्येक घराची एक वाट माहुलीला जाते. आजोबांना आपण तिथेच पोहोचवलं, आईला तिथेच. सावडायला गेलो, दहाव्याला गेलो, कावळा शिवेपर्यंत घाटाच्या पायरीवर बसून राहिलो. माझ्या वडिलांच्या दहाव्याला मी असाच बसलो होतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी नदीच्या पात्राकडे बोट दाखवून विचारलं, ‘ती समाधी कुणाची, माहीत आहे का?’ माझं वय तेव्हा चाळिशीपुढचं. जन्म साताऱ्यातला, शाळा साताऱ्यातली. मला सांगता आलं नाही. ‘ज्यांनी तुझं गाव वसवलं, त्यांची,’ ते म्हणाले. त्या दिवशी वाटलेली लाज अजून गेलेली नाही. हे आवाहन त्या लाजेपोटीच लिहितो आहे.

छत्रपती थोरले शाहू महाराज. संभाजी महाराज आणि महाराणी येसूबाई यांचे पुत्र, शिवछत्रपतींचे नातू. ‘शाहू महाराज’ म्हटलं की आपल्या मुलांना कोल्हापूरचे राजर्षी शाहू आठवतात. त्यांचं मोठेपण आहेच. पण साताऱ्याच्या मुलाला साताऱ्याचे शाहू माहीत नसावेत, ही चूक मुलांची नाही, आपली आहे. १६८९ साली रायगड पडला तेव्हा शाहू महाराज सात वर्षांचे होते. पुढची जवळजवळ अठरा वर्षं मोगलांच्या छावणीत गेली. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये सुटका झाली आणि स्वराज्यात पाऊल टाकताच भीमेकाठी खेडला आपल्याच माणसांशी, काकू ताराराणींच्या फौजेशी, लढाई करावी लागली. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी त्यांनी शहर वसवलं, ते शाहूनगर. आपण राहतो त्या पेठा, त्या उताराच्या गल्ल्या, हे सगळं त्या वसाहतीतून वाढलेलं आहे.

गादीवर आले तेव्हा हाताशी थोडे किल्ले आणि थोडी माणसं होती. १७१३ मध्ये त्यांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं दिली, १७२० मध्ये विशीच्या उंबरठ्यावरच्या बाजीरावांना. तरुण पोराच्या हाती एवढा कारभार देऊ नका, असं दरबारातली जाणती मंडळी सांगत होती. महाराजांनी माणूस ओळखला. पुढच्या तीस वर्षांत मराठ्यांची घोडी माळव्यात, गुजरातेत, बुंदेलखंडात पोहोचली, पण वस्त्रं आणि शिक्का साताऱ्याचाच राहिला. त्यांच्या राज्याचा हा विस्तार इतिहासाच्या पुस्तकांतून आपल्याला कळतो. मला मात्र १७१९ सालची गोष्ट जास्त जवळची वाटते. त्या वर्षी बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले आणि येसूबाईंनाही परत घेऊन आले. तीस वर्षं शत्रूच्या ताब्यात काढून ती आई आपल्या मुलाच्या राजधानीत आली. ती राजधानी म्हणजे आपला सातारा.

१५ डिसेंबर १७४९ रोजी महाराजांचं साताऱ्यात निधन झालं. त्यांना माहुलीलाच नेलं, जिथे आपण आपल्या माणसांना नेतो. महाराणी सकवारबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या. महाबळेश्वरी उगम पावलेल्या कृष्णा आणि वेण्णा निरनिराळ्या खोऱ्यांतून येऊन जिथे पुन्हा भेटतात, त्या संगमावर महाराजांची समाधी आहे. येसूबाईंची समाधी माहुलीतच आहे. आणि ज्या ताराराणींशी महाराजांनी गादीसाठी झगडा केला, त्यांची समाधीही याच संगमावर. ताराराणी ९ डिसेंबर १७६१ रोजी गेल्या. एकेकाळी एकमेकांसमोर उभे राहिलेले हे दोघे एकाच पाण्याकाठी विसावले आहेत. वेगवेगळ्या सालांतल्या त्यांच्या पुण्यतिथ्याही एकाच आठवड्यात येतात. महाराष्ट्रात असं ठिकाण दुसरं कुठे आहे?

आता तिथली आजची स्थिती. समाधी नदीच्या पात्रात आहे. पावसाळ्यात दोन्ही नद्या फुगल्या की पाणी चौथऱ्यावरून जातं आणि उतरताना गाळ ठेवून जातं. नदी वर्षानुवर्षं हेच करत आली आहे, तिचा त्यात काही दोष नाही. माहुलीतल्या तरुणांनी अनेकदा अंगमेहनतीने हा गाळ उपसला आहे. त्यांची नावं कुठे लागलेली नाहीत, पण सातारा त्यांच्या ऋणात आहे. मला खंत वाटते ती गाळात मिसळलेल्या आपल्या वस्तूंची. राखेच्या प्लास्टिकच्या पिशव्या, गेलेल्या माणसाची गादी, उशी, कपडे, तसबिरीच्या फुटक्या काचा, निर्माल्य, पत्रावळी. हे सगळं पाणी फिरवून फिरवून त्याच चौथऱ्यापाशी आणून टाकतं. आपल्या माणसाला श्रद्धेने निरोप देताना आपणच हे टाकतो. दुःखात माणसाला भान राहत नाही, हे मी अनुभवलं आहे. म्हणून विनंती घरातल्या धीराच्या माणसाला आहे: त्या दिवशी एक पोतं बरोबर ठेवा आणि जे पाण्यात विरघळणार नाही, ते सगळं त्या पोत्यात भरून घरी परत आणा. तेवढं एका माणसाने केलं तरी पुष्कळ आहे.

दुसरी विनंती, उत्साहाने काम करू इच्छिणाऱ्यांना. समाधीला रंग लावू नका. ऑइलपेंट काळ्या दगडावर चढला की दगडाचे श्वास बंद होतात, ओल आत अडकते आणि पापुद्रे सुटू लागतात. सिमेंटने सांधे बुजवू नका. जुनं बांधकाम चुन्यातलं असतं, त्याच्या दर्जा चुन्यानेच भरायला हव्यात, आणि ते काम जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावं. फरशी नको, रेलिंग नको, देणगीदारांच्या नावांची पाटी नको. जेसीबी तर पात्रात उतरूच नये. लोखंडी दात एकदा चौथऱ्याच्या कोपऱ्याला लागला की अडीचशे वर्षांचा दगड क्षणात फुटतो. सरकारदरबारी रीतसर परवानगी मागून, पुरातत्त्वाच्या जाणकारांना विचारून जे होईल तेवढंच करायचं, असं आम्ही काही सातारकरांनी ठरवलं आहे. वेळ लागेल, लागू दे.

तिसरी विनंती शिक्षकांना. मुलांना एकदा संगम माहुलीला आणा. विश्वेश्वराचं मंदिर दाखवा. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेलं ते देऊळ साताऱ्याच्या वास्तुकलेतला मोठा ठेवा आहे. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे, हेही सांगा. आणि मुलं कंटाळली की त्यांना महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवा. शिकारीच्या वेळी वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला, असं लोक सांगतात. आपल्यावर जीव लावणाऱ्या मुक्या जनावराची आठवण जपणारा राजा मुलांना पटकन आपला वाटतो. मोठ्यांनाही वाटतो. राजा म्हणून थोरले शाहू कसे होते, हे मला सनदांपेक्षा त्या कुत्र्याच्या समाधीपाशी उभं राहिल्यावर जास्त कळलं.

साताऱ्याबाहेरच्या मंडळींकडे एक वेगळं मागणं आहे. तुमच्या घरात जुने फोटो असतील. माहुलीच्या घाटावरचे, पर्वकाळातल्या स्नानाचे, आजीच्या लग्नानंतर कुलदैवताला जाताना काढलेले. एखाद्या फोटोच्या कोपऱ्यात पात्रातली समाधी दिसत असेल. गाळ कधी कुठपर्यंत होता, चौथऱ्याचे किती थर उघडे होते, कोणता दगड जागेवर होता, हे अशा फोटोंवरूनच ठरवता येईल. जाणकारांना दुरुस्ती करताना त्याचा मोठा आधार होईल. मूळ फोटो तुमच्याकडेच ठेवा, त्याची प्रत साताऱ्यातल्या तुमच्या नातेवाइकांकडे पाठवा आणि मागे साल लिहा. साल आठवत नसेल तर ‘धाकट्या काकाच्या मुंजीच्या वर्षी’ असं लिहिलं तरी चालेल.

पैसे आत्ता कुणीही देऊ नयेत. कुणी या कामाच्या नावाने पावतीपुस्तक घेऊन आलं तर देऊ नका. ज्या दिवशी खर्चाचं काम निघेल, त्या दिवशी अंदाजपत्रक चौकात लावू आणि मगच मागू.

आत्ता हवेत ते हात. ताराराणींच्या पुण्यतिथीपासून थोरल्या महाराजांच्या पुण्यतिथीपर्यंत, म्हणजे ९ डिसेंबर ते १५ डिसेंबर, रोज सकाळी सात वाजता विश्वेश्वराच्या देवळापुढे जमू. तासभर घाटावरचा आणि काठावरचा कचरा गोळा करायचा. समाधीच्या दगडाला परवानगीशिवाय कुणी खोरं लावायचं नाही. ज्यांना वाकता येत नाही त्यांनी पोत्यांची तोंडं बांधावीत, चहाचं बघावं, मुलांना गोष्टी सांगाव्यात. राजवाड्यापासून माहुली पाचेक किलोमीटरच आहे. गाडीत जागा असेल तर शेजाऱ्याला विचारा.

१५ तारखेला काम संपल्यावर महाराजांच्या समाधीला संगमाचं पाणी घालून झेंडूची फुलं वाहू. हार नको, त्याचा दोरा पाण्यात जातो. सुटी फुलं आणा. हातमोजे आणि घमेलं असेल तर तेही आणा. थंडी असते, लहान मुलांना स्वेटर घाला, आणि काठावर गाळ ओला असतो, तेव्हा जुन्या चपला घालून या.

आपला,
माहुलीच्या घाटावर भेटणारा एक सातारकर