औषधी गांजाचा परवाना कोणाच्या हिताचा?

एखाद्या वस्तूच्या व्यापाराला शासनाचा परवाना लागू लागला, की तो व्यापार समाजाच्या नियंत्रणाखाली आला, असा समज आपल्या पुरोगामी वर्तुळातही रूढ आहे. तो भ्रामक आहे. परवान्याने मक्तेदारीला आळा घालता येतो, तशी मक्तेदारी जन्मालाही घालता येते. २०२५ च्या जानेवारीत हिमाचल प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने औषधी व औद्योगिक उपयोगासाठी गांजाच्या नियंत्रित लागवडीचा प्रायोगिक अभ्यास मंजूर केला. आज लागवडीचा विचार आहे, उद्या विक्रीचा येईल. म्हणून अमेरिकेतील राज्यांनी औषधी गांजाच्या दुकानांचे नियमन कसे केले, हे आपल्या कार्यकर्त्यांनी आताच पाहून ठेवले पाहिजे.

कॅलिफोर्नियातील मागणी व्यापाऱ्यांनी पुढे आणलेली नव्हती. एड्सच्या साथीत सॅन फ्रान्सिस्कोतील रुग्ण भूक मेल्याने व ओकाऱ्यांनी खंगत होते. मेरी जेन रॅथबन ही वृद्ध स्वयंसेविका गांजा घातलेले केक भाजून त्यांना फुकट वाटत असे. त्यापायी तिला अटकही झाली. डेनिस पेरॉन यांनी रुग्णांसाठी वितरणकेंद्र चालवले. या धडपडीतून १९९६ च्या सार्वमताने तेथे औषधी वापर कायदेशीर झाला आणि २००३ च्या कायद्याने रुग्णांना सामुदायिक व सहकारी पद्धतीने लागवड करण्याची मुभा मिळाली. पुढे २०१६ च्या सार्वमताने गांजा सर्व प्रौढांना खुला झाला व २०१८ पासून परवानाधारकांचा व्यापार सुरू झाला. रुग्णांच्या सामुदायिक व्यवस्थेला असलेले कायद्याचे संरक्षण २०१९ च्या प्रारंभी संपले. नव्या करव्यवस्थेत तर गरीब रुग्णाला फुकट दिलेल्या गांजावरही कर भरावा लागे! ही विसंगती दूर करणारा कायदा २०१९ च्या ऑक्टोबरात झाला आणि त्याला पेरॉन व रॅथबन यांची नावे देण्यात आली. तोवर दोघेही हयात नव्हते.

फ्लोरिडाचा मार्ग याहून उघड आहे. तेथील २०१४ च्या कायद्याने परवान्यासाठी अट घातली, की अर्जदाराची रोपवाटिका राज्यात सलग तीस वर्षे चाललेली आणि चार लाखांहून अधिक रोपे वाढवण्याच्या क्षमतेची असावी. तीस वर्षांपूर्वी जमीन आणि भांडवल कोणाजवळ होते, हे ठरवूनच जणू ही अट लिहिली गेली. लागवड, प्रक्रिया व विक्री ही तिन्ही कामे एकाच परवानाधारकाने केली पाहिजेत, असा दंडक पुढे आला. म्हणजे लहान शेतकरी केवळ शेती करू शकत नाही आणि लहान दुकानदार केवळ दुकान चालवू शकत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही रचना वैध ठरवली. कृषी खात्याच्या वंशभेदाविरुद्ध लढलेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी एक परवाना राखून ठेवला होता. त्याच्या अर्जाचे शुल्क होते १,४६,००० डॉलर, तेही परत न मिळणारे! याला सामाजिक न्याय म्हणावयाचे काय? इकडे आरोग्यविमा या औषधाचा खर्च उचलत नाही. डॉक्टरांची फी, ओळखपत्राचे शुल्क आणि औषधाची किंमत, सारे रुग्णाच्या खिशातून जाते.

यावर मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते म्हणतील, नियमनच नको. स्पर्धा होऊ द्या. हा युक्तिवाद टिकणारा नाही. औषधात बुरशी वा कीटकनाशक आहे काय, त्यातील द्रव्याचे प्रमाण किती, हे आजारी ग्राहकाला पारखता येत नाही. जेथे विक्रेत्याला सारे ठाऊक आणि ग्राहकाला काहीच नाही, तेथे स्पर्धेने गुणवत्ता सुधारत नाही. प्रयोगशाळेतील सक्तीची तपासणी हवीच. आक्षेप तपासणीला नाही, परवान्यांच्या कृत्रिम टंचाईला आहे. त्या टंचाईतून मिळणारा नफा श्रमाचा नव्हे. तो शासनाने दिलेल्या कागदाचा खंड आहे.

पर्याय आपल्याच देशात आहे. परवानाधारक शेतकऱ्याची अफू केंद्र सरकार ठरलेल्या भावाने खरेदी करते. गाझीपूर व नीमच येथे सरकारी कारखाने आहेत. परंतु या व्यवस्थेचे गोडवे गाण्यापूर्वी तिचे अपयशही सांगितले पाहिजे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले, की कायदेशीर अफू पिकवणाऱ्या या देशात कर्करोगाचे रुग्ण मॉर्फीनवाचून तळमळत राहिले. कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ साल उजाडावे लागले. मालकी सरकारची असली तरी व्यवस्था पोलिसी संशयावर चालली, तर रुग्णाच्या पदरी काही पडत नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. औषधी गांजाची लागवड डोंगरी भागातील अल्पभूधारकांच्या सहकारी संस्थांकडे द्यावी आणि खरेदीचा भाव आधी जाहीर व्हावा. प्रक्रिया व तपासणी सार्वजनिक क्षेत्रात राहावी. ज्या आजारांवर उपयोग सिद्ध झाला आहे, त्यांसाठी सरकारी रुग्णालयांतून औषध नियंत्रित किमतीत मिळावे. अनामत रकमेचा आकडा असा नसावा, की शेतकऱ्याला स्वतःच्याच जमिनीवर कंपनीचा मजूर व्हावे लागेल. हे नियम कागदावर उतरण्यापूर्वी आपण बोललो नाही, तर ते लिहिण्यासाठी भांडवलदारांचे सल्लागार सिद्धच आहेत.