पोथीतला जनसंपर्क

जनसंपर्क ही विद्या पुस्तकावरून शिकता येते, ही समजूत आपल्या विद्यापीठांत आता इतकी रूढ झाली आहे की, तिच्याविरुद्ध लेखणी उचलणे म्हणजे वाऱ्याशी भांडण मांडणे होय. तथापि ज्यांनी हा विषय दहा वर्षे वर्गात सांगितला त्यांनीच मौन धरावे, हे उचित नव्हे. इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकास चार वाक्ये नीटनेटकी लिहिता येतात, एवढ्या बळावर आमच्या महाविद्यालयाने हा विषय आमच्या गळ्यात घातला, आणि आम्हीही पोथी पुढे ठेवून तो मोठ्या हौसेने सांगू लागलो. तेव्हा ज्या पोथीवर आम्ही आरोप ठेवणार आहोत, तिच्या शेजारी त्याच पिंजऱ्यात आम्हीही उभे आहोत, हे वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावे.

पोथी दिसावयास देखणी आहे. आरंभी व्याख्या, मग संशोधन, कृती, संज्ञापन व मूल्यमापन अशा चार पायऱ्या, मग वृत्तपत्रांशी कसे वागावे, भागधारकांशी कसे बोलावे, आणि शेवटी संकटकालीन जनसंपर्काचे प्रकरण. अपघात घडताच पहिल्या तासात निवेदन द्यावे, संस्थेने एकाच मुखाने बोलावे, प्रथम दुःख व्यक्त करावे आणि मग चौकशी चालू असल्याचे कळवावे, असा त्यात उपदेश आहे. यातले एकही वाक्य वावगे नाही. आमचे विद्यार्थी ही कलमे घडाघडा म्हणून दाखवीत, आणि आम्ही त्यांस भरभरून गुण देत असू.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक गुणी विद्यार्थिनी आम्हांस भेटावयास आली. ती एका रासायनिक कारखान्याच्या जनसंपर्क विभागात नोकरीस लागली होती. लगतच्या गावातील विहिरींच्या पाण्यास वास येऊ लागला, तेव्हा ‘पाणी सर्व निकषांत बसते’ असे पत्रक तासाभरात काढण्याची तिला आज्ञा झाली. तिने तपासणीचा अहवाल पाहावयास मागितला. ते तुमचे काम नव्हे, असे उत्तर मिळाले. घरी आईवडील, डोक्यावर शिक्षणाचे कर्ज. तिने पत्रक लिहिले. ते तिने आमच्यापुढे ठेवले. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मग ती म्हणाली, “सर, निवेदन पहिल्या तासात गेले पाहिजे, हे तुम्ही शिकवलेत. ते खरे आहे की नाही, हे कितव्या तासात पाहायचे?”

त्या रात्री आम्ही पोथी पुन्हा उघडली. उत्तर सापडले नाही. परंतु ते का सापडत नाही, याचा उलगडा झाला.

पोथीत आयव्ही ली या अमेरिकन गृहस्थास आद्य आचार्याचा मान आहे. १९०६ साली कोळशाच्या खाणमालकांची बाजू मांडताना त्याने वृत्तपत्रांकडे एक जाहीरनामा धाडला. आमचे काम उघड चालेल, माहिती अचूक असेल, आणि ती पडताळून पाहण्यास आम्ही संपादकांस साहाय्य करू, असे त्याचे तात्पर्य. पोथीत तो चौकट करून छापला आहे. पुढची कथा मात्र चौकटीबाहेर राहिली. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर नॅशनल गार्डच्या शिपायांनी व कंपनीच्या रक्षकांनी हल्ला केला. तंबू जळाले, आणि एका तंबूखालील खड्ड्यात लपलेल्या २ स्त्रिया व ११ मुले गुदमरून मेली. मग लोकमत सावरण्यासाठी रॉकफेलरांनी नेमले ते याच लीला. त्याच्या पत्रकांत संपाच्या पुढाऱ्यांच्या वेतनाचे आकडे फुगवलेले निघाले. चौकशी आयोगापुढे त्याला कबूल करावे लागले की, मालकपक्षाने पुरवलेली माहिती आपण पडताळली नव्हती. ज्याने जगास पडताळणीचे वचन दिले, त्याची ही गत! या विद्येचा पहिला धडा हाच असावयास हवा होता.

दुसरा आचार्य एडवर्ड बर्नेज. १९२३ साली त्याने या विद्येवर पुस्तक काढले, आणि त्याच साली न्यूयॉर्क विद्यापीठात तिचा वर्गही चालवला. म्हणजे पोथी आणि पाठशाळा ही जुळी भावंडे होत. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या हमरस्त्यावर तरुणींनी सिगारेटी ओढीत चालावे, त्या सिगारेटींस ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हटले जावे, आणि यामागे तंबाखूची कंपनी आहे हे पाहणारास कळू नये, ही योजना त्याची. पोथी हिला कल्पकतेचा नमुना म्हणते. आपल्याकडेही भाट होते. परंतु भाट कोणाच्या पदरी आहे हे सभेस ठाऊक असे, आणि ऐकणारा त्या मानाने स्तुतीत वजावट करून घेई. नव्या भाटाची सारी कला पदर लपवण्यात आहे.

४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील तंबाखू कंपन्यांनी ४०० हून अधिक वृत्तपत्रांत एक निवेदन छापून आणले. लोकांचे आरोग्य आम्हांस इतर सर्व गोष्टींहून महत्त्वाचे वाटते, असे त्यात म्हटले होते. हे घडवण्यात तेथील एका नामांकित जनसंपर्क संस्थेचा हात होता. या कंपन्यांनी अनेक दशके जनतेस फसवले, असा निकाल तेथील संघराज्य न्यायालयाने २००६ साली दिला. दरम्यान ५२ वर्षे लोटली होती. निवेदनाची भाषा मात्र आजही कोणत्याही परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल.

मग पोथीत काहीच ग्राह्य नाही काय? आहे. १९८२ साली शिकागो परिसरात टायलेनॉल या औषधाच्या कुप्यांत कोणी विष मिसळल्याने ७ माणसे दगावली, तेव्हा जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या. पोथी या प्रकरणी कंपनीच्या संज्ञापनकौशल्याचे गोडवे गाते. पण लोकांचा विश्वास परत आला तो आधी बाटल्या परत घेतल्या म्हणून. आडात पाणी होते, म्हणून पोहऱ्यात आले. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९८४ मध्ये, भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा आपण कोणत्या विषावर उपचार करीत आहोत, हे तेथील डॉक्टरांसही नीट कळेना. त्या घटकेस लोकांस शोकसंदेश नको होता, माहिती हवी होती. आमच्या पोथीत टायलेनॉलला चार पाने आहेत. भोपाळला एक परिच्छेद.

यावर कोणी म्हणेल, वैद्य आणि वकील हेही पुस्तकावरूनच शिकतात. मग याच विद्येवर रोष का? वैद्याची चूक रोग्याच्या अंगावर उमटते, आणि वकिलाच्या वाक्यास उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. पत्रकास प्रतिपक्षाचा वकील नसतो. विहिरीवर घागर भरणाऱ्या बाईपाशी ना प्रयोगशाळा, ना छापखाना. म्हणून ज्या विद्येत प्रतिपक्ष समोर नाही, तिच्या पोथीने तरी त्याची जागा घ्यावयास हवी होती.

दुसरे कोणी म्हणेल, खरेपणा हा घरच्या संस्कारांचा प्रश्न. तो पुस्तकात कशास शोधता? आमच्या त्या विद्यार्थिनीचे संस्कार शाबूत होते, म्हणूनच तिने अहवाल मागितला. नकार आल्यावर पुढे काय करावे, याची रीत तिला कोणी शिकवली नव्हती. ज्या आईबापांनी पदरमोड करून मुलांस या अभ्यासक्रमास घातले आहे, त्यांनी महाविद्यालयास हे विचारावे.

आमची सूचना साधी आहे. पोथीच्या पहिल्या पानावर एकच नियम असावा: मूळ कागद पाहिल्यावाचून पत्रक लिहू नये. जाहीरनाम्याच्या चौकटीशेजारी लडलोची चौकट असावी. आणि विद्यार्थ्याने पत्रक लिहिण्यापूर्वी एक महिना एखाद्या रुग्णालयाच्या किंवा नगरपालिकेच्या तक्रार-खिडकीशी बसून नुसते ऐकावे.

त्या दिवशी आम्ही तिला उत्तर दिले नाही. ते येथे देतो. खरे-खोटे पहिल्याच तासात पाहावे, आणि पाहू दिले नाही तर ‘अहवाल अद्याप आमच्या हाती आलेला नाही’ एवढेच लिहावे. त्याने नोकरी जाण्याचा संभव आहे, हे आम्ही लपवीत नाही; तेही तिला वर्गातच सांगावयास हवे होते. यंदाच्या प्रश्नपत्रिकेत तिचा प्रश्न आम्ही तिच्याच शब्दांत घातला आहे. त्यास दहा गुण आहेत.