बंदराच्या दारापर्यंत

गेल्या चार-पाच वर्षांत आपल्या घरांतून एक नवी रीत रुजू लागली आहे. मुलगा आखातात किंवा पुण्यात कमावता झाला, की तो अम्मी-अब्बांना दोन-तीन रात्रींच्या समुद्रसफरीचे तिकीट काढून देतो. २०२१ च्या सप्टेंबरपासून 'एम्प्रेस' हे मोठे प्रवासी जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी करू लागले आणि क्रूझ ही परदेशी लोकांचीच चैन राहिली नाही. जहाजावर काय पाहावे, जेवणाची चौकशी कशी करावी, यावर पुढे कधीतरी लिहू. या खेपेस आम्ही फक्त घराच्या उंबरठ्यापासून बंदराच्या दारापर्यंतच येणार आहोत. पैसे बुडतात ते याच टप्प्यात.

महाडकडच्या एका कुटुंबाची हकीकत आमच्या कानावर आली. सात माणसे, त्यांत सत्तरीच्या पुढचे दोघे. जहाज संध्याकाळी साडेपाचला सुटणार. महाड ते मुंबई पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणून सकाळी नऊला नाश्ता करून निघाले. तो दिवस जोडून आलेल्या सुट्टीचा शेवटचा होता, सारी मुंबई गावाहून परत निघालेली. माणगावातच दीड तास गेला. पनवेलला खालाने जेवण केले होते, ते न खाता पुढे कसे जाणार? बंदरावर पोहोचले तेव्हा चार वाजून गेले होते आणि आत घेणे साडेतीनला बंद झालेले. जहाज समोर उभे, त्याचे दिवे दिसताहेत, सुटायला तास-सव्वातास बाकी आहे, आणि दारावरचा माणूस नम्रपणे नाही म्हणतो आहे. मुलाने वर्षभर साठवलेले पैसे होते ते. एक पैही परत मिळाली नाही, कारण तिकिटाच्या अटींत तसेच लिहिलेले होते.

आपला घोटाळा होतो तो इथेच. आपल्या डोक्यात एसटीचा किंवा रेल्वेचा हिशोब असतो: गाडी साडेपाचची, तर पाचला फलाटावर. जहाजाची साडेपाच ही वेळ दोर सोडण्याची असते. प्रवाशांची यादी त्याच्या बरीच आधी बंद होते आणि ती अधिकाऱ्यांकडे जाते. त्या यादीत नंतर नाव घालता येत नाही. कुठे हे दार तासभर आधी बंद होते, कुठे दीड-दोन तास आधी. आपल्या तिकिटावर किंवा बोर्डिंग कार्डावर ही वेळ छापलेली असते. ती वेळ लाल पेनाने गोल करून घरात सर्वांना दाखवावी आणि सुटण्याची वेळ विसरून जावी, असे आम्ही सुचवू. वेब चेक-इन करताना येण्याचा तासही नेमून मिळतो. तोही पाळावा, नाहीतर आजीला रांगेत ताटकळत उभे राहावे लागते.

जहाज थोडे थांबले तर काय बिघडते, असे अनेकजण विचारतात. मोठे जहाज कप्तान आपल्या मर्जीने बंदरातून काढत नाही. बंदराचा पायलट त्यासाठी ठरल्या वेळी जहाजावर चढतो, लागल्यास ओढनौका येतात, धक्क्याचे भाडे चालू असते आणि पुढच्या बंदरातला धक्काही ठरावीक वेळेसाठीच राखलेला असतो. दोन हजार माणसांची सफर सात जणांसाठी अडत नाही. आपल्या कोकणच्या आजोबांना हे सांगावे लागत नव्हते. बोट हर्णैला किंवा दाभोळला लांब पाण्यात उभी राहायची, पडावातून तिच्यापर्यंत जायचे. म्हणून माणसे तासन् तास आधीच बंदरावर गाठोडी टाकून बसलेली असत.

हजच्या जहाजांचे तर विचारूच नका. मुंबईहून जेद्दाला समुद्रमार्गे जाणे १९९५ साली बंद झाले. 'अकबरी' हे त्या मार्गावरचे शेवटचे जहाज. त्यापूर्वी मराठवाडा, विदर्भ, कोकणातून निघालेले हाजी जहाजाच्या दिवशी मुंबईत उतरत नसत. ते बरेच दिवस आधी येत, साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात पथारी टाकत, लशीचे आणि पासाचे कागद पुरे करत. या गर्दीची व्यवस्था पाहायला १९३२ च्या कायद्याने बंदरांसाठी हज कमिट्या नेमल्या गेल्या होत्या. साहेबलोकांची सोय निराळी. त्यांच्यासाठी आगगाडीच बॅलार्ड पिअरला जहाजापाशी येई. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटीच्या हंगामात तिथूनच सुटायची. आज ती गाडीही तिथे जात नाही आणि मुसाफिरखान्यात आठ दिवस राहण्याइतकी सवडही कुणाला नाही, पण एक रात्र तर काढता येते.

आमचे मत स्पष्ट आहे. मोटारीने किंवा एसटीने येणार असाल तर आदल्या रात्री मुंबईत या. रात्रीच्या रेल्वेने येणाऱ्यांना थोडी मोकळीक आहे. कोल्हापूरची महालक्ष्मी, सोलापूरची सिद्धेश्वर, संभाजीनगरकडून येणारी देवगिरी, विदर्भ एक्स्प्रेस, मडगावहून रत्नागिरीमार्गे येणारी कोकणकन्या, या साऱ्या सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या व्हीटीला पोहोचतात. जहाज संध्याकाळचे असेल तर गाडीला दोन-तीन तास उशीर झाला तरी निभावते. तिथून बॅलार्ड पिअर दोन किलोमीटरच्या आसपास. मात्र निघण्याआधी दोन गोष्टी पाहा. फलाटांच्या किंवा रुळांच्या कामासाठी काही गाड्या मध्येच ठाण्याला, दादरला किंवा पनवेललाच थांबवतात. तसा संदेश आला आहे का, ते आदल्या दिवशी बघावे. आणि दिवस रविवारचा असेल तर लोकलचा मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे हे वाचावे. कल्याणला उतरून लोकलने जाऊ, असे ठरवणाऱ्यांची रविवारी दुपारी फार तारांबळ उडते.

मुंब्रा, कुर्ला, नागपाडा, डोंगरी इथे आपल्यापैकी बहुतेकांचे कुणी ना कुणी असतेच. रात्र त्यांच्याकडे काढावी, पण यजमानांना एक गोष्ट आधीच बजावून ठेवावी: दुपारची दावत नको. बिर्याणीचे दम उघडायला अर्धा तास, मग शीरखुर्मा, मग "पान तरी खाऊन जा". या प्रेमाने किती गाड्या चुकल्या असतील, त्याची गणती नाही. जेवण रात्री करा, सकाळी चहा-पाव घ्या आणि निघा. मुंब्र्याहून सकाळच्या लोकलमध्ये चार बॅगा आणि म्हातारी माणसे चढवण्याचा विचारही करू नये. एक तर गर्दी ओसरल्यावर निघा, नाहीतर सरळ टॅक्सी करा. रिक्षा दक्षिण मुंबईत चालत नाही, हे बाहेरगावच्यांना ऐनवेळी आठवते. ठाण्या-मुंब्र्याची रिक्षा बंदरापर्यंत येणार नाही.

कोकणातून किंवा पुण्याकडून मोटारीने येणाऱ्यांना २०२४ च्या जानेवारीपासून अटल सेतूची सोय झाली आहे. न्हावा शेवा ते शिवडी हे अंतर पटकन कापले जाते आणि पुढे पूर्व मुक्त मार्ग लागतो. पण वेळ वाचला या आनंदात राहू नका. मुक्त मार्ग ऑरेंज गेटजवळ पी. डिमेलो रोडवर उतरतो आणि खरी कोंडी तिथेच सुरू होते. शेवटच्या तीन-चार किलोमीटरला पाऊण तास धरावा. त्यातून आझाद मैदानावर मोठे आंदोलन असेल तर व्हीटीचा सारा परिसर अडतो. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस ते सर्वांनी पाहिले. ईद-ए-मिलादचा जुलूस भायखळ्याच्या खिलाफत हाऊसपासून निघतो, त्या दिवशी आपल्या नेहमीच्या वाटा बंद असतात. जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारीही तेच.

विमानाने येणाऱ्यांनी तिकिटावर विमानतळ कोणता आहे ते नीट वाचावे, कारण २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईलाही विमाने उतरू लागली आहेत. सहारच्या जुन्या विमानतळावर उतरलात तर भुयारी मेट्रो, म्हणजे तीन नंबरची मार्गिका, आता थेट व्हीटीपर्यंत येते. सामान बेताचे असेल तर हा मार्ग टॅक्सीपेक्षा भरवशाचा. रस्त्यावर किती वेळ जाईल हे कुणी सांगू शकत नाही, मेट्रोचे सांगता येते.

टॅक्सीवाल्याला नुसते "बंदर" म्हणू नका. मुंबईत जहाजाशी जोडलेली ठिकाणे तीन: भाऊचा धक्का, गेटवे ऑफ इंडिया आणि बॅलार्ड पिअर. पहिली दोन मांडवा, एलिफंटा अशा फेऱ्यांची. क्रूझ सुटते ती बॅलार्ड पिअरच्या बाजूने. नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २०२५ च्या सप्टेंबरात झाले, तेही इंदिरा गोदीच्या याच परिसरात. गोदीला रंगांच्या नावांची अनेक गेटे आहेत, ग्रीन गेट, रेड गेट अशी. आपल्या कागदावर जे गेट लिहिले आहे तेच सांगावे. फोनच्या नकाशावर "बॅलार्ड इस्टेट" टाकलेत तर एखाद्या कचेरीसमोर उतराल आणि पुढे बॅगा ओढत चालावे लागेल.

आता कागदांचे. आमच्या मते आपल्या घरांसाठी हा भाग रस्त्यापेक्षाही नाजूक आहे. आपली नावे प्रत्येक कागदावर वेगळी असतात. एकावर मोहम्मद, दुसऱ्यावर मुहम्मद, तिसऱ्यावर नुसते "मो.", एकीकडे शेख आधी, दुसरीकडे शेवटी. आपाचे आधार माहेरच्या नावाचे, तिकीट मात्र सासरच्या. मुलाने घाईत फोनवरून तिकीट काढताना घरात हाक मारतात ते नाव घातले, असेही झाले आहे. दारावरचा तपासनीस हाकेचे नाव ओळखत नाही. तिकीट हाती आले, की त्याच रात्री सर्वांची ओळखपत्रे जमिनीवर मांडा आणि एकेक अक्षर ताडून पाहा. दुरुस्ती महिनाभर आधी एका फोनवर होते, बंदरावर होत नाही. मूळ ओळखपत्र सोबत हवे, मुलांचेसुद्धा. परदेशी बंदर असेल तर पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी.

आणखी एक गोष्ट बायाबापड्या संकोचाने विचारत नाहीत, म्हणून आम्हीच लिहितो. बहुतेक क्रूझ कंपन्या चोवीस आठवड्यांपुढच्या गर्भवतीला आणि सहा महिन्यांखालच्या तान्ह्याला घेत नाहीत. हा नियम दारावर कळला तर सून एकटी परत जाणार की सारे घर? तिकीट काढतानाच विचारून घ्यावे.

सामानाचे सांगायचे तर मोठ्या बॅगा टर्मिनलवर तुमच्याकडून घेतात आणि त्या खोलीत पोहोचायला काही तास लागतात. अब्बांच्या साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या, कागद, चष्मा, एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री, चहाची किटली, सुरी काढून घेतात. घरचे शिजवलेले अन्न बहुधा आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे सुकटीची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा यजमानांच्या घरीच संपवलेला बरा.

जहाज शुक्रवारचे असेल तर आत घेण्याची वेळ आणि जुम्याची वेळ एकमेकांवर येतात. घरातल्या पुरुषांना जुम्याला जायचे असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद व्हीटीपासून फार लांब नाही. मात्र बायकामुले आणि सामान कुठे थांबणार हे आधी ठरवा, आणि तिथून बंदराच्या वाटेवर शुक्रवारी दुपारी जी गर्दी असते तिचा वेळही धरा. नेमून मिळणारा तास निवडण्याची सोय असेल तर जुम्यानंतरचा, पण अगदी शेवटचा नव्हे, असा घ्यावा.

दुबईत भाऊ-मेव्हणे आहेत म्हणून तिथली क्रूझ घेणारेही आता पुष्कळ. तिथे जहाजे दोन ठिकाणांहून सुटतात: जुने पोर्ट रशीद बर दुबईकडे आणि २०२१ मध्ये सुरू झालेले दुबई हार्बर मरीनाकडे. ही शहराची दोन टोके आहेत. सिंगापूरलाही मरीना बे आणि हार्बरफ्रंट अशी दोन वेगळी टर्मिनले. आणि व्हिजिट व्हिसावर गेलेल्यांनी तो एकदाच प्रवेशाचा आहे की अनेकदा, हे आधी पाहावे. जहाज ओमान-कतारला जाऊन परत येते, म्हणजे तुम्ही देशाबाहेर जाऊन पुन्हा आत येता.

एवढे करूनही वाटेत अडकलात, तर गाडीत बसूनच कंपनीच्या तिकिटावरच्या क्रमांकावर फोन लावा, पोहोचल्यावर नव्हे. "गोव्याला जाऊन जहाज पकडू" असे ठरवून विमानाची तिकिटे काढू नका. मधल्या बंदरावर चढू द्यायचे की नाही हे कंपनी आणि तिथले अधिकारी ठरवतात, आणि उत्तर बहुतेक वेळा नाहीच असते. निरोप द्यायला आलेल्यांना टर्मिनलच्या आत सोडत नाहीत. हार घालणे, गळाभेट, फोटो, सारे घरीच उरकून या. सोडायला एकच गाडी आणा, आणि ती गेटपाशी फार वेळ उभी करू देत नाहीत, तेव्हा कागदांची पिशवी कुणाच्या हातात आहे ते उतरण्यापूर्वी पाहा.